मदत हवी आहे : न्यूट्रॉन इमेजिंगमध्ये टाइमपिक्सची प्रतिमा धूसर येते

मंडळी, न्यूट्रॉन इमेजिंगवर काम केलेलं कुणी इथे असेल तर कृपया मार्ग दाखवा.

ॲल्युमिनियमच्या दोन पट्ट्या इपॉक्सीने चिकटवल्या आहेत. सांध्यात हवेच्या पोकळ्या कुठे राहिल्यात ते पाहायचंय. क्ष-किरणांत ॲल्युमिनियमच उठून दिसतं, गोंद जवळपास हरवतो. मंद न्यूट्रॉनचं उलट. ते ॲल्युमिनियममधून सहज आरपार जातात आणि गोंदातल्या हायड्रोजनवर अडखळतात. म्हणून हा खटाटोप.

डिटेक्टर म्हणजे सर्नकडची (युरोपातली कणभौतिकी प्रयोगशाळा) टाइमपिक्स चिप : २५६ × २५६ पिक्सेल, प्रत्येक ५५ मायक्रॉनचा. त्यावर ३०० मायक्रॉनचं सिलिकॉन, आणि सिलिकॉनवर लिथियम-६ फ्लोराइडचा लेप. लिथियमने न्यूट्रॉन गिळला की अल्फा कण (हेलियमचं केंद्रक, ऊर्जा २.०५ एमईव्ही, म्हणजे दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट) आणि ट्रायटॉन (हायड्रोजनच्या जड भावंडाचं, ट्रिटियमचं केंद्रक, २.७३ एमईव्ही) विरुद्ध दिशांना सुटतात. दोघांपैकी एकच सिलिकॉनमध्ये शिरतो आणि पाच-दहा पिक्सेलांचा गोल ठिपका उमटवतो. लेप जाड केला तर कण लेपातच अडकतात, त्यामुळे शंभरातले चार-पाच न्यूट्रॉन हाती लागतात. त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार कडेबद्दल आहे. पट्टीची कड सुमारे २०० मायक्रॉन पसरते. ठिपक्यातला प्रत्येक पिक्सेल वेगळा न मोजता ऊर्जेनुसार भारित मध्य काढतोय. ठिपके एकमेकांवर चढू नयेत म्हणून फ्रेमही छोट्या घेतोय. फरक जेमतेम. सेन्सरचं व्होल्टेज उतरवलं तर ठिपका मोठा होऊन मध्य आणखी नेमका मिळेल, असं एकाने सुचवलंय. करून पाहावं का? शिवाय न्यूट्रॉनसोबत येणाऱ्या गॅमा किरणांचा कचरा कसा गाळता?

बीमचा एल/डी (न्यूट्रॉन बाहेर पडतात त्या छिद्रापासूनचं अंतर भागिले छिद्राचा व्यास) २०० आहे. नमुना फिरत्या टेबलावर, सेन्सरपासून ४ सेंमी.

प्रतिसाद १
व्होल्टेजला हात लावू नका, उत्तर तुमच्या शेवटच्या ओळीत आहे. ४ सेंमी भागिले २०० म्हणजे बरोबर २०० मायक्रॉन. एवढी धूसरता नुसत्या भूमितीची झाली. चिप कितीही चांगली असली तरी ती पुसणार नाही. पट्ट्या सपाटच आहेत, मग टोमोग्राफीचा (नमुना फिरवत अनेक कोनांतून प्रतिमा घेऊन त्रिमितीय चित्र बनवण्याचा) हट्ट कशाला? टेबल काढा आणि नमुना सेन्सरसमोर २ मिमीवर आणा, धूसरता १० मायक्रॉनवर येईल. भारित मध्याची खरी किंमत तेव्हा कळेल.

प्रतिसाद २
+१. आधी गॅडोलिनियमच्या पातळ पत्र्याची कड घेऊन तपासा, न्यूट्रॉनला तो भिंतीसारखा अडवतो. एकदा सेन्सरला जवळजवळ टेकवून, एकदा ४ सेंमीवर. गॅमाचं सोपं आहे : त्यातून सुटलेले इलेक्ट्रॉन बारीक, वाकड्या रेषा किंवा एकटे-दुकटे पिक्सेल सोडतात आणि ऊर्जाही थोडीच टाकतात. गोल आणि जड ठिपके तेवढे ठेवा.

धागाकर्ता
दोघांचेही आभार. टेबल काढायला बीमलाइनवाल्यांची (न्यूट्रॉनचा झोत सांभाळणाऱ्यांची) परवानगी लागते, ती मागितली आहे. पत्रा कुणाकडे तरी असेलच. दोन्ही कडांचे आलेख इथेच टाकतो.