जुन्या गिरणीत न्यायालय बसेल का?

प्रश्न : 1982च्या संपानंतर गिरणगावातल्या ज्या गिरण्या बंद पडल्या, त्यांपैकी उरलेल्या एखाद्या इमारतीत आधुनिक न्यायालय करता येईल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

पहिले उत्तर : येईल. करवतीच्या दात्यांसारख्या छपराच्या उत्तरेकडील काचांतून ऊन न येता सारखा उजेड मिळतो. मागावरचे सूत पाहायला तो लागे, तसा कागदपत्रे वाचायलाही उपयोगी पडेल. खरी अडचण बिडाच्या खांबांची आहे, कारण ते जवळजवळ असल्याने न्यायाधीश आणि साक्षीदार यांच्यामध्ये एखादा हमखास आडवा येतो.

दुसरे उत्तर : खांबांपेक्षा वाटा अवघड आहेत, साहेब. न्यायाधीश, कोठडीतले आरोपी आणि पक्षकार यांना एकमेकांसमोर न येता फिरता यावे लागते. गिरणीत मात्र सगळी पाळी एकाच फाटकातून आत येई.

प्रश्नकर्ता : म्हणजे जिने नव्याने काढावे लागतील. आभारी आहे.