पेन्शन बंद झाली म्हणे? (आमच्या सोसायटीचा ग्रुप, भांडुप)

देशपांडे (बी-५०२), सकाळी ७:०४
*पुढे पाठवलेला संदेश*
अत्यंत महत्त्वाचे!! नवीन कायद्यानुसार ५८ वर्षांनंतर नोकरी करणाऱ्यांची पेन्शन कायमची बंद!! सर्व ज्येष्ठांना पाठवा.

देशपांडे: नेहमीसारखी थाप म्हणून सोडून देणार होतो. पण काल पीएफचं पासबुक उघडलं. पेन्शनच्या रकान्यात दरमहा १,२५० पडायचे, गेले चार महिने शून्य. ऑफिसात विचारलं तर ती पोरगी म्हणते, काका तुमचं वय झालं. वय झालं तर रोज लोकलला लटकून मी तिथे काय भजनाला जातो?

परब सेक्रेटरी: शुभ सकाळ 🙏 हा ग्रुप फक्त सोसायटीच्या कामासाठी आहे.

अमेय (ए-४०२): परब काका, काल तुम्हीच दोडक्याच्या भाजीचा व्हिडिओ टाकलात

परब सेक्रेटरी: तो चुकून गेला.

सावंत काका (ए-१०३): मला दरमहा १,००० मिळतात. २०१४ साली किमान एवढी ठरवली, तेव्हापासून तेवढीच. सिलिंडर घेतल्यावर त्यात काय उरतं, कोणी सांगेल का?

रेगे ताई (सी-३०४): देशपांडे काका, यात नवीन काही नाही. पीएफच्या पेन्शनची योजना १९९५ ची आहे. ५८ पूर्ण झाले की पेन्शन योजनेतलं सदस्यत्व संपतं, पीएफ चालूच राहतो. कंपनीच्या १२ टक्क्यांतले ८.३३ टक्के पेन्शनला जायचे, तेही पगार जास्त असला तरी १५,००० च धरून. म्हणून १,२५०. आता ते तुमच्याच पीएफात पडतायत. शेजारचा रकाना बघा.

देशपांडे: बघतो.

देशपांडे, ७:३१: वाढलाय खरा.

अमेय: पार्टी

देशपांडे: पार्टी कसली! मग माझी पेन्शन पुढे वाढणार कशी?

रेगे ताई: नोकरीची वर्षं ५८ लाच मोजून झाली. फॉर्म १०-डी, म्हणजे पेन्शनचा अर्ज, भरला की नोकरी चालू असतानाही पेन्शन घेता येते. नाहीतर ६० पर्यंत थांबायचं, वर्षाला ४ टक्के वाढवून देतात.

देशपांडे: थांबणार. आमच्या ऑफिसात सगळे थांबतात.

रेगे ताई: सगळ्यांनी हिशोब केलाय का? ३,००० बसत असेल तर दोन वर्षांत ७२,००० सोडले. बदल्यात महिन्याला २४० जास्त. ते भरून निघायला ३०० महिने.

अमेय: म्हणजे ८५ व्या वर्षापासून निव्वळ नफा 😄 तोपर्यंत बी विंगची लिफ्टपण चालू झालेली असेल

परब सेक्रेटरी: लिफ्टचा विषय इथे नको. कोटेशन आलेलं आहे.

कदम (ए-४०१): कोणत्या साली?

परब सेक्रेटरी: कदम, तुमचा मेंटेनन्स दोन क्वार्टर बाकी आहे. ग्रुपवर बोलायचं नव्हतं.

कदम: बोललात की आता.

सावंत काका: मूळ मुद्दा बाजूला पडतोय. १,००० रुपये. सिलिंडर. उरलं काय?

शहा भाई (डी-१०१): आमाला तर कसलीच पेन्शन नाय. दुकान हाच आमचा पीएफ. रेल्वेत ४० टक्के सवलत होती म्हाताऱ्यांना, ती पण २० मार्च २०२० ला काढली.

वैद्य काकू (बी-२०१): बायकांना ५० होती. मला दोनदाच मिळाली.

वैद्य काकू: रेगे ताई, विचारू का? ह्यांच्या पीएफची पेन्शन मला येते. मी सकाळी बालवाडी घेते. पगार कळला तर बंद करतील का हो?

रेगे ताई: नाही काकू. तुमच्या पगाराशी तिचा संबंध नाही. पुन्हा लग्न केलं तरच थांबते.

अमेय: *हा संदेश हटवण्यात आला*

वैद्य काकू: वाचला मी, अमेय. आईला सांगते तुझ्या. आणि जमलंच तर पेढे सगळ्यांना, तू सोडून.

अमेय: सॉरी काकू 🙏

कदम: माझं ऐका. निवृत्तीचा नारळ दिला, शाल दिली, सोमवारी त्याच खुर्चीत बसवलं. फक्त नाव "सल्लागार". १० टक्के कर आधी कापतात, पीएफ नाही, रजा नाही. मस्टरवर सही तेवढी नसते, पण उशीर झाला की साहेब घड्याळ बघतो.

देशपांडे: २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवे कामगार कायदे आले ना? ठरावीक मुदतीच्या नोकरीला एका वर्षात ग्रॅच्युइटी.

रेगे ताई: ती कर्मचाऱ्याला. कदमांच्या पत्रात कर्मचारी हा शब्दच नसणार. तिथेच तर मेख आहे.

कदम: नाहीये. आत्ता काढून बघितलं.

शहा भाई: सही करायच्या आधी बघायचं ना

कदम: तेव्हा तुमच्या दुकानात बसवलं असतं का मला?

परब सेक्रेटरी: सर्वांनी भाषा सांभाळावी. सरकारने काम करणाऱ्या ज्येष्ठांचा विचार करायलाच हवा, याबद्दल दुमत नाही. विषय संपवू या.

रेगे ताई: दुमत नाही ना? मग गेटवरच्या मामांचं बोलू. वय ६७. रात्रीचे बारा तास, वर सकाळी पंप. ११,००० रोख, पाकिटात. रविवारी सुट्टी नाही.

परब सेक्रेटरी: सोसायटीत २० माणसं कामाला नाहीत. पीएफ लागू होत नाही. कायद्याने सगळं बरोबर आहे.

रेगे ताई: कायद्याने कदमांच्या साहेबाचंही बरोबरच आहे.

देशपांडे: ताई, दोन्हीची तुलना नको. मामांना आपण दिवाळीला देतो.

वैद्य काकू: मागच्या दिवाळीला प्रत्येकी ५० काढायचे होते. बी विंगमधून तिघांचेच आले. नावं नाही घेत.

देशपांडे: मी गावी होतो.

सावंत काका: १,००० मध्ये सिलिंडर घेऊन काय उरतं? सकाळपासून विचारतोय.

अमेय: काका, उरलं तर वडापावला बोलवा 😅

सावंत काका: तुझं हसणं होतं. २२ वर्षं लेथवर उभा होतो.

अमेय: काका खरंच सॉरी. तसं नव्हतं म्हणायचं.

कदम, ८:४६: पाणी गेलं का? ए विंगला नळ कोरडे.

शहा भाई: डी पण कोरडी. टाकी रिकामी.

परब सेक्रेटरी: मामा फोन उचलत नाहीत. गेटवर कोणीच नाही!! हे बरोबर नाही.

वैद्य काकू: मला सांगून गेलेत. बँकेत. हयातीचा दाखला द्यायचा राहिलाय, गिरणीतल्या नोकरीची पेन्शन येते ना त्यांना. परवापण गेले होते, मशीनवर अंगठाच उमटत नाही म्हणून परत पाठवलं.

सावंत काका: किती येते?

वैद्य काकू: तुमच्याइतकीच.

रेगे ताई: अंगठा नसेल उमटत तर मोबाइलवर चेहरा दाखवूनही होतो दाखला. आणि पीएफच्या पेन्शनला सरकारी पेन्शनसारखा नोव्हेंबरच गाठायला हवा असंही नाही, एकदा दिला की वर्षभर चालतो. संध्याकाळी माझ्याकडे पाठवा त्यांना, पाच मिनिटांचं काम आहे.

सावंत काका: मीपण येतो. माझाही अंगठा त्रास देतो.

परब सेक्रेटरी: ते सगळं ठीक आहे. पण आत्ता पंप कोण लावणार? चावी कोणाकडे आहे?