मदत हवी आहे: लिनक्सच्या पीसीवरून बाबांचा संगणक दिसत नाही

राजांगण (शनिवार, रात्री ११.४०)
नवा पीसी जोडून घेतलाय, त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट टाकलं. नेट झकास चालतंय, पण बाबांचा विंडोजवाला संगणक दिसत नाही, प्रिंटरही नाही. नेटवर्कवर टिचकी मारली की रिकामी खिडकी. वहिनीच्या विंडोज लॅपटॉपवर दोन्ही दिसतात, म्हणजे घोळ लिनक्सचाच. आजोबांच्या भजनांच्या कॅसेटींवरून काढलेल्या दोनेकशे फाइली बाबांच्या संगणकावर आहेत. त्यांतली खरखर साफ करायला तर हा पीसी घेतला. चवथ तीन आठवड्यांवर आली, घर भरेल, मग काही होणार नाही. दोन दिवस वाया गेलेत. कुणी एक नेमकी कमांड सांगेल का? पेनड्राइव्ह सुचवू नये.

म्हापसेकर
पेनड्राइव्ह का नको पण? दोनशे फाइली म्हणजे दहा मिनिटांचं काम.

राजांगण
कारण बाबा रोज नव्या फाइली काढतात आणि मी रोज घराचं मधलं राजांगण ओलांडून पेनड्राइव्ह नाचवणार नाही.

टर्मिनलवेडा
मिंट कशाला? सरळ डेबियन टाका, तेही लिनक्सच. बारा वर्षं वापरतोय, एकदाही तक्रार नाही.

निवृत्त मास्तर
सोपं आहे. बाबांच्या विंडोजमध्ये 'विंडोज फीचर्स'मध्ये जाऊन एसएमबी १ (नेटवर्कवर फाइली वाटायची जुनी पद्धत) चालू करा आणि रीस्टार्ट करा. मी आमच्या शाळेत हेच केलं होतं, लगेच सगळे संगणक दिसायला लागले.

अबोली
मास्तर, हा सल्ला कृपया देऊ नका. एसएमबी १ ची जुनी भोकं आहेत. २०१७ मध्ये फाइलींना कुलूप लावून खंडणी मागणारा वॉनाक्राय व्हायरस त्याच वाटेने पसरला. म्हणून तर विंडोज आणि सांबा (लिनक्सवर फाइली वाटायचं काम करणारा प्रोग्राम) दोघांनीही ते मुळातच बंद ठेवलंय. मिंटला त्याची गरज नाही.

निवृत्त मास्तर
घरात कोण येतोय व्हायरस सोडायला?

अबोली
वॉनाक्रायने गाठलेल्या इंग्लंडातल्या सरकारी इस्पितळांनाही तसंच वाटलं असणार. असो. राजांगण, पीसी वायफायवर की केबलवर? राउटर किती? दोन्ही संगणकांचे आयपी, म्हणजे नेटवर्कवरचे पत्ते, द्या. मिंटमध्ये टर्मिनल उघडून 'आयपी', जागा सोडून 'ए'. विंडोजमध्ये 'आयपीकॉन्फिग'.

लाटेवरचा
सांबा? पोर्तुगीज गेले, सांबा ठेवून गेले.

डिचोलीचा
तो नाच ब्राझीलचा, बाब. आणि हा सांबा ऑस्ट्रेलियाचा. अँड्र्यू ट्रिजेल नावाच्या माणसाने १९९२ च्या सुमारास सुरुवात केली. पुढे नाव बदलायची वेळ आली तेव्हा एस, एम, बी ही अक्षरं त्याच क्रमाने येणारा शब्द त्याने शब्दांच्या यादीतून शोधून काढला.

राजांगण
नाच नंतर. केबलवर आहे. राउटर एकच. माझा १९२.१६८.०.१०३, बाबांचा १९२.१६८.१.२४. जवळजवळ सारखेच आहेत, त्यामुळे त्यात काही नसावं.

अबोली
त्यातच आहे. तिसरा आकडा बघा: तुमचा शून्य, बाबांचा एक. राउटर परत मोजा.

राजांगण
मागच्या खोलीत एक जुना आहे, पण तो नुसता रेंजसाठी. भाच्याने लावून दिला. चिऱ्याच्या जाड भिंती, फायबरवाल्याची पेटी पुढच्या सोप्यात, मागे काही पोचत नाही. तोही धरायचा का?

डिचोलीचा
तोच धरायचा! भाच्याने पुढून आलेली केबल त्याच्या वॅन (बाहेरून नेट घ्यायच्या) भोकात घातलीय. त्यामुळे तो नुसता रेंज देत नाही, मागे स्वतःचं वेगळं नेटवर्क मांडून बसलाय. वहिनी पुढच्या वायफायवर असणार, म्हणून तिला दिसतं. लिनक्सचा काही दोष नाही. केबल हलवल्याशिवाय हे होणार नाही.

म्हापसेकर
चिऱ्याच्या भिंतीचं अगदी खरं. आमच्याकडे तीन खोल्यांना तीन पेट्या लागल्या. आणि जूनमध्ये वीज पडली तेव्हा केबलला जोडलेलं सगळं एकदम गेलं. गडगडायला लागलं की केबल काढत जा.

सत्तरीकर
विंडोजशेजारी लिनक्स टाकताना आधी डिस्क मॅनेजमेंटमध्ये जागा मोकळी करा आणि फास्ट स्टार्टअप बंद करा. नाहीतर लिनक्समधून विंडोजच्या पार्टिशनवर लिहिता येत नाही.

राजांगण
हे मी विचारलंच नव्हतं.

अबोली
डिचोलीचा, केबल न हलवताही अर्धं काम होईल. मागून पुढे जाता येतं, पुढून मागे येता येत नाही. नाव दिसत नाही कारण 'मी इथे आहे' ही हाळी राउटर ओलांडत नाही, पण पत्ता ठाऊक असला की दार ठोठावता येतं. राजांगण, फाइलींच्या खिडकीत कंट्रोल-एल दाबा. इंग्रजी छोट्या अक्षरांत एस-एम-बी, कोलन, दोन तिरप्या रेघा आणि लगेच बाबांचा आयपी.

राजांगण
आलं काहीतरी! पासवर्ड मागतोय. बाबांचा चार आकडी टाकला, घेत नाही. चारदा टाकला.

अबोली
चार आकडी म्हणजे पिन. पिन त्या संगणकासमोर बसून उघडण्यापुरता, नेटवर्कवर चालत नाही. खात्याचा खरा पासवर्ड लागतो. मायक्रोसॉफ्टचं खातं असेल तर वापरकर्त्याच्या जागी ईमेल टाका.

राजांगण
बाबा म्हणाले, पासवर्ड कधी नव्हताच. तासभराने विजेच्या बिलांच्या फाइलीत सापडला, बिलाच्याच पाठीवर. फोल्डर उघडला! पण बाबांना तिकडून माझ्या फोल्डरात नव्या फाइली टाकायच्या आहेत, ते होत नाही. प्रिंटरही अजून नाही.

डिचोलीचा
म्हटलं होतं. आता मी सांगतो त्याच क्रमाने करा. आधी मागच्या राउटरच्या पानावर जाऊन त्याचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.२ करा, तो दुसऱ्या कुणाला दिलेला नाही ना ते पाहून. मग त्याचं डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटणं, बंद. शेवटी केबल वॅनमधून काढून लॅनच्या (घरातले संगणक जोडायच्या) भोकात. बाबांच्या विंडोजमध्ये नेटवर्क 'पब्लिक' असेल तर 'प्रायव्हेट' करा. तुमच्याकडे सांबा घालून एसएमबीपासडब्ल्यूडी कमांडने वेगळा पासवर्ड द्या. लिनक्सचा लॉगिन पासवर्ड तिथे आपोआप जात नाही.

राजांगण
आधी केबलच हलवली. ती सोपी वाटली. वहिनी ऑफिसच्या मीटिंगमध्ये होती, तिचं नेट गेलं. आता घरात माझ्याशी कुणी बोलत नाहीय.

डिचोलीचा
क्रम सांगितला होता ना! दोन राउटर एकाच तारेवर पत्ते वाटायला लागले. ज्याला मागच्याने पत्ता दिला त्याची वाट बंद. केबल परत वॅनमध्ये घाला, पीसी बंद करून सुरू करा, मग पहिल्यापासून.

टर्मिनलवेडा
डेबियनवर असता तर...

अबोली
डेबियनवर असते तरी राउटर दोनच असते.

राजांगण (रविवार, सायंकाळी ७.०५)
झालं. माझा आकडा आता १९२.१६८.१.३१. प्रिंटर आपोआप यादीत आला, ड्रायव्हर काही मागितला नाही, चाचणीचं पानही निघालं. बाबांनी त्यांच्या बाजूने एक फाइल टाकली, माझ्याकडे आली. भाच्याला अजून सांगितलेलं नाही. अबोली, डिचोलीचा, देव बरें करूं. मास्तर, एसएमबी १ बंदच ठेवलंय.

निवृत्त मास्तर
बरं. माझ्या मोबाइलवरून प्रिंट कशी काढायची, सांगेल का कुणी?

अबोली
मास्तर, वेगळा धागा काढा. राजांगण, कॅसेटची खरखर ऑडॅसिटी या ध्वनी-संपादनाच्या प्रोग्राममध्ये काढताना आधी नुसती खरखर असलेला दोनेक सेकंदांचा तुकडा निवडून नॉईज प्रोफाइल (खरखरीचा नमुना) घ्या. मूळ फाइलींना हात लावू नका, प्रतीवरच काम करा.

म्हापसेकर
वास्कोच्या सप्ताहातलं काही आहे का त्यात? आमचे काका तिथे पेटीवर बसायचे.

राजांगण
दोन कॅसेटींवर तसं लिहिलंय. पहिली आत्ताच लावली. पेटी आहे, पण खरखर म्हणून जी काढायला निघाले होते तो बहुतेक पाऊस आहे. तेवढा भाग राहू देते.