मनालीजवळ लाकडी केबिन: पाण्याचा पाइप कुठला टाकावा?

मुलुंडवाला:
मनालीच्या वरच्या अंगाला मेहुण्याबरोबर दोन खोल्यांचं लाकडी केबिन बांधतोय. झऱ्याचं पाणी टाकीत, टाकीतून घरात. डिसेंबर ते फेब्रुवारी घराला कुलूप. तिथला गवंडी जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप) म्हणतो, आमच्या सोसायटीचा प्लंबर म्हणतो डोळे मिटून सीपीव्हीसी (गरम पाण्याला चालणारा कडक प्लास्टिक पाइप) टाका. आम्ही पाणी गोठताना पाहिलंय ते फक्त फ्रीजमध्ये. कुणाचं ऐकू?

गिरगावचा पाइपवाला:
दोघांचंही नको. सीपीव्हीसी मुंबईत गिझरला झकास, पण कडाक्याच्या थंडीत ठिसूळ होतो, ठोकर लागली तरी तडकतो. पाणी गोठलं की सुमारे ९ टक्के फुगतं. जीआय ताणला जात नाही, तो सरळ फाटतो. टाकीपासून घरापर्यंत काळा एचडीपीई (जाड, लवचिक प्लास्टिक पाइप) घ्या, आयएस ४९८४ हे भारतीय मानक छापलेला, सलग गुंडाळीचा, मध्ये जोड नको. घरात पेक्स, म्हणजे वाकणारा प्लास्टिक पाइप. हे दोन्ही थोडं ताणून घेतात. त्यांचे पितळी एल्बो (कोपऱ्यावरचे जोड) मात्र घेत नाहीत, म्हणून जोड कमीत कमी. आणि पेक्स उन्हात पडू देऊ नका, खराब होतो.

पण घर बंद राहणार असेल तर पाइप कुठला हा नंतरचा प्रश्न. लाइन शेवटच्या थेंबापर्यंत रिकामी होते का, ते आधी बघा. सगळ्या पाइपांना एकाच बाजूला उतार, सगळ्यात खाली ड्रेन कॉक (पाणी सोडून द्यायचा नळ), आणि रिकामं करताना वरचे नळ उघडे, नाहीतर हवा आत शिरत नाही आणि पाणी अडून बसतं. मुंबईत नागदेवीच्या हार्डवेअर बाजारात बॉल व्हॉल्व्ह (आत भोकाचा गोळा फिरवून पाणी बंद करणारा) घ्याल तेव्हा दांडी फिरवून आत डोकावा. बंद केला की गोळ्याच्या भोकात थोडं पाणी कोंडलं जातं, आणि व्हॉल्व्ह फोडायला तेवढं पुरतं. लाइन रिकामी झाली की दांडी अर्ध्यावर ठेवायची.

डोंबिवली फास्ट:
एवढा खटाटोप कशाला? पाइपला फोम गुंडाळा, झालं.

गिरगावचा पाइपवाला:
आत ऊब असेल तर फोम ती टिकवतो. बंद घरात ऊब आणणार कुठून? गोठायला थोडा उशीर होईल, इतकंच. पाइपला गरम ठेवणारी हीटिंग केबल मिळते, पण तिला वीज लागते, आणि हिमवर्षाव झाला की डोंगरात पहिली वीजच जाते.

ठाण्याचा फौजी:
लेहला पोस्टिंग होतं, त्यावरून सांगतो. गिझर आणि फ्लशची टाकी रिकामी करायला लोक विसरतात. कमोडमधलं पाणी उपसा आणि तिथे, बेसिनच्या ट्रॅपमध्येही (खालच्या वाकड्या नळीत, जिथे पाणी साचून राहतं), प्रोपिलीन ग्लायकॉलवालं अँटीफ्रीझ, म्हणजे सहज न गोठणारं द्रव, ओता. गाडीचं कूलंट नको, त्यात बहुधा एथिलीन ग्लायकॉल असतं, ते विषारी. तुमचा झरा जवळच आहे.

मुलुंडवाला:
फौजीसाहेब, चर किती खोल खणायचा?

ठाण्याचा फौजी:
जमीन जिथवर गोठते त्याच्याही खाली. शेजारच्या सफरचंदाच्या बागवाल्याला विचारा, त्याची लाइन हिवाळ्यात किती खोलीवर टिकते ते. आणि गवंड्याला उतार आत्ताच सांगा, एकदा फळ्या ठोकल्या की तो काही उखडून देणार नाही.