मदत हवी आहे: क्लबची वेबसाइट माझ्याकडे नीट दिसते, बाकी कोणाला फोटोच दिसत नाहीत

नमस्कार मंडळी,

आमचा व्हॉलीबॉलचा छोटासा क्लब आहे. मागच्या बैठकीत 'आपली एक वेबसाइट पाहिजे' असा विषय निघाला, मी 'बघतो' म्हणालो आणि गळ्यात पडली. प्रोग्रॅमिंगशी माझा संबंध एक्सेलमधल्या बेरजेपुरताच.

हवं ते फार नाही. क्लबची ओळख, सरावाच्या वेळा, सामन्यांचं वेळापत्रक, निकाल, थोडे फोटो आणि संपर्क. ग्रुपवर रोज तेच तेच विचारलं जाऊ नये एवढीच माफक अपेक्षा.

दोन रविवार व्हिडिओ बघून एचटीएमएल (वेबपानं लिहायची भाषा) शिकलो, नोटपॅडमध्ये पान लिहिलं आणि अख्खं फोल्डर उचलून गिटहब पेजेसवर (फुकटात वेबसाइट ठेवायची सोय) चढवलं. आधी पान उघडेचना. मुख्य फाइलचं नाव इंडेक्स डॉट एचटीएमएल लागतं असं कळलं, ते दिलं, तरी नाही. शेवटी लक्षात आलं की विंडोज नावाचं शेपूट लपवतं आणि माझ्या फाइलचं खरं नाव इंडेक्स डॉट एचटीएमएल डॉट टीएक्सटी होतं! एक अख्खी संध्याकाळ त्यात गेली.

आता पान उघडतं, पण तीन ठिकाणी अडलोय:

१. माझ्या लॅपटॉपवर फोटो दिसतात. इतरांना फोटोच्या जागी फाटक्या कागदासारखं चिन्ह दिसतं.
२. वेळापत्रकाचा तक्ता मोबाइलवर मुंगीएवढा होतो.
३. एक सदस्य म्हणतो, 'हे सोड, वर्डप्रेस (वेबसाइट बनवायची तयार प्रणाली) घे.' सोडू का?

जाणकारांनी कृपया सोप्या भाषेत सांगावं.

प्रतिसाद १

फोटोच्या टॅगमध्ये (फोटो दाखवणाऱ्या एचटीएमएलच्या ओळीत) पत्ता काय दिलाय? आणि लॅपटॉपवर पान बघताना वेबसाइटचा पत्ता टाइप करता की फोल्डरमधल्या फाइलवर डबल-क्लिक?

धागाकर्ता

डबल-क्लिक. पत्ता असा आहे: सी ड्राइव्ह, मग यूजर्स, माझं नाव, डेस्कटॉप, क्लब, टीम१ डॉट जेपीजी.

प्रतिसाद १

सापडलं. 'आमच्या कपाटातल्या दुसऱ्या कप्प्यात बघा' असं तुम्ही सगळ्यांना सांगताय, आणि कपाट फक्त तुमच्या घरी आहे. वेबसाइटचा पत्ता टाकून उघडलंत तर तुम्हालाही ते फोटो दिसायचे नाहीत, कारण इंटरनेटवरून आलेल्या पानाला ब्राउझर तुमच्या डिस्कमधल्या फाइली दाखवत नाही.

पानाच्या शेजारीच 'फोटोज' नावाचं फोल्डर ठेवा आणि पत्ता तिथून सुरू करा: फोटोज, तिरकी रेघ, टीम१ डॉट जेपीजी. आधी सी नको, डेस्कटॉप नको. फाइलच्या नावात मोकळी जागाही नको.

फोटो मोबाइलमधून काढले तसेच चढवलेत का? एकेक चार-पाच एमबीचा असणार. रुंदी १२०० पिक्सेलवर आणा, पान झटकन उघडेल.

प्रतिसाद २

मोबाइलचं दुखणं बहुतेक व्ह्यूपोर्टचं, म्हणजे पान किती रुंद धरायचं हे ब्राउझरला सांगणाऱ्या ओळीचं. तो मेटा टॅग नसला की मोबाइलचा ब्राउझर पान मोठ्या पडद्यासाठी आहे असं धरून चालतो, साधारण ९८० पिक्सेल रुंद मांडतो आणि मग आवळून दाखवतो. म्हणून मुंगी. पानाच्या सुरुवातीच्या 'हेड' भागात व्ह्यूपोर्टची ओळ घाला, विड्थला डिव्हाइस-विड्थ द्या. त्यानंतर अक्षर नीट होईल पण तक्ता उजवीकडे बाहेर पडेल. त्याच्याभोवती एक डिव्ह (चौकट) ठेवून ओव्हरफ्लो-एक्स ऑटो करा, म्हणजे तेवढा तक्ताच बोटाने सरकतो.

आणि कृपा करून वेळापत्रकाचा फोटो काढून चिकटवू नका. बहुतेक क्लब हेच करतात. त्यात शोधता येत नाही, आणि अंध व्यक्तीच्या स्क्रीन रीडरला तिथे काहीच सापडत नाही.

प्रतिसाद ३

विषय थोडा वेगळा, पण तातडीचा. 'अख्खं फोल्डर उचलून चढवलं' हे वाचून विचारतोय: त्यात नेमकं काय काय होतं? गिटहबच्या फुकट खात्यावर पेजेस चालवायचं तर रिपॉझिटरी (तुमच्या फाइली जिथे चढतात ती जागा) सार्वजनिक ठेवावी लागते. पानावर दुवा नसला तरी आतली प्रत्येक फाइल कोणीही उघडू शकतं.

धागाकर्ता

अरे बापरे. सदस्यांची एक्सेल त्याच फोल्डरमध्ये होती. नावं, फोन, मुलांच्या जन्मतारखा. आत्ताच डिलीट केली.

प्रतिसाद ३

तेवढ्याने भागत नाही. गिट (गिटहबच्या मुळाशी असलेली प्रणाली) जुन्या नोंदी जपून ठेवतं, हिस्टरीत जाऊन ती फाइल अजूनही काढता येते. नवशिक्यासाठी सोपा मार्ग: ती रिपॉझिटरीच पूर्ण उडवा, नवी काढा आणि लागतील तेवढ्याच फाइली चढवा. समितीच्याही कानावर घाला, पालकांना कळायला हवं. अवघड वाटेल, पण लपवू नका.

मुलांच्या फोटोंचंही तेच. पालकांची परवानगी घ्या आणि फोटोखाली पूर्ण नाव छापू नका. मोबाइलच्या फोटोत कुठे काढला त्याची नोंदही असू शकते, तीही काढून टाका.

प्रतिसाद ४

वर्डप्रेस वाईट नाही, २००३ पासून चालू आहे आणि फुकट आहे. पण त्याला पीएचपी (प्रोग्रॅमिंगची एक भाषा) आणि डेटाबेस चालवणारा सर्व्हर लागतो, शिवाय ते आणि त्याचे प्लगिन (वरून जोडायच्या सोयी) सतत अपडेट करत राहावे लागतात. वर्षभर कोणी बघितलं नाही की कोणीतरी घुसतं. पाच पानांसाठी हा संसार कशाला? बातम्या लिहिणारे तीन-चार जण असतील तर मात्र घ्या.

प्रतिसाद ५

प्रतिसाद ४ शी सहमत. पुढेमागे स्वतःचं डोमेन (वेबसाइटच्या पत्त्याचं नाव) घ्याल तर माझा अनुभव ऐका. आमच्या मंडळाचं डोमेन एका उत्साही सभासदाने स्वतःच्या ईमेलवर घेतलं होतं. पुढे तो मंडळ सोडून गेला. नूतनीकरणाच्या सूचना त्याच्या जुन्या ईमेलवर जात राहिल्या, मुदत संपली आणि नाव भलत्याच कोणी उचललं. आमच्या छापील पत्रकांवरचा पत्ता आज जुगाराच्या जाहिराती दाखवतो. डोमेन क्लबच्या नावावर, क्लबच्या ईमेलवर घ्या आणि पासवर्ड निदान दोन पदाधिकाऱ्यांकडे ठेवा.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. जुनी रिपॉझिटरी उडवली, अध्यक्षांना फोन करून एक्सेलचं सांगितलं. थोडं ऐकावं लागलं, रास्तच होतं. आजच पालकांना कळवू म्हणाले.

व्ह्यूपोर्टच्या एका ओळीने मोबाइलचा प्रश्न सुटला. फोटोही आले, पण बारापैकी नऊच! उरलेल्या तिघांचा पत्ता अगदी तस्साच आहे, आणि डबल-क्लिक केलं की दिसतात.

प्रतिसाद १

ते तीन वेगळ्या कॅमेऱ्याचे का? फाइलच्या नावात जेपीजी कॅपिटलमध्ये आणि तुमच्या पानात स्मॉलमध्ये असणार. विंडोजला तो फरक कळत नाही, सर्व्हरला कळतो. सगळी नावं स्मॉलमध्ये करा.

धागाकर्ता

कॅमेऱ्याचेच होते! नावं बदलली, बाराही दिसतात. आता सचिवांच्या मोबाइलवर मात्र जुनंच पान येतंय, माझ्याकडे नवं.

प्रतिसाद २

कॅश. ब्राउझरने जुनी प्रत धरून ठेवलीय. त्यांना इनकॉग्निटोत (ब्राउझरच्या खासगी खिडकीत) उघडायला सांगा. लॅपटॉपवर कंट्रोल धरून एफ५.

निकाल दर आठवड्याला कोण भरणार? सचिव एचटीएमएलला हात लावणार नसतील तर गूगल शीट 'वेबवर प्रकाशित' करून पानात बसवा, ते शीट भरतील, पान आपोआप बदलेल. त्यासाठी वेगळी शीट करा, सदस्यांची माहिती असलेली नको.

धागाकर्ता

इनकॉग्निटोत दिसलं. शीटचं शनिवारी करून बघतो, अडलो की इथेच विचारतो.