रॉबर्ट हूडचा 'पॅराडाइज' नुसता नाचायचा अल्बम आहे की बसून ऐकायचा?

खाडीपलीकडे (रत्नागिरी)
फ्लोअरप्लॅनचा पॅराडाइज (२०१३) परत लावलाय आणि माझं मत आता पक्कं झालंय, जुन्या टेक्नोवाल्यांनी (टेक्नो म्हणजे यंत्रांवर केलेलं नाचाचं संगीत) डान्सफ्लोअरसाठी काढलेल्या अल्बमांत हा सगळ्यात वरचा. ज्यांनी ऐकला नाही त्यांच्यासाठी, फ्लोअरप्लॅन म्हणजे तेव्हा एकटा डेट्रॉइटचा रॉबर्ट हूड. अंडरग्राउंड रेझिस्टन्स या तिथल्या टेक्नो गटात मॅड माइक बँक्स आणि जेफ मिल्सबरोबर होता, मग १९९४ला मिनिमल नेशन काढला, किक (ड्रमचा जाड ठोका), हायहॅट (झांजेसारखा बारीक आवाज), बेस आणि सिंथचा एक छोटासा तुकडा, बास एवढंच, आणि मिनिमल टेक्नो म्हटलं की आजही लोक तिथूनच सुरुवात करतात. तोच माणूस पुढे ख्रिस्ती धर्मोपदेशक झाला आणि फ्लोअरप्लॅन या नावाखाली गॉस्पेल (चर्चमधली भक्तिगीतं), डिस्को सगळं टेक्नोत आणलं. त्यातला नेव्हर ग्रो ओल्ड ऐका. अमेरिकन गायिका अरेथा फ्रँकलिनच्या गॉस्पेलमधले थोडेसे शब्द, तेच फिरवत राहतो, मागून ड्रम चढत जातात. लोक म्हणतात यात आहे काय, तेच तर तेच. अहो तेच तर हवंय! आपल्याकडे डबलबारीत (दोन बुवांचा भजनाचा सामना) बुवा गजर घेतो तेव्हा शब्द किती असतात? दोन ओळी. कोरस त्याच धरून ठेवतो, पखवाज चढतो, झांज चढते आणि मंडपात शेवटच्या खुर्चीवरचा माणूस पण हलायला लागतो. हूडला हे चर्चमधून मिळालं, आपल्याला देवळातून, काम एकच.

किकड्रम_चिपळूण
नाही पटलं. नेव्हर ग्रो ओल्ड जबरदस्त आहे, त्याबद्दल वाद नाही, पण एका ट्रॅकवर अल्बम उभा राहत नाही. बाकीचे बरेचसे ट्रॅक हे डीजेचं सामान आहे. सुरुवातीला नुसते ड्रम, शेवटी नुसते ड्रम, म्हणजे आधीच्या आणि पुढच्या रेकॉर्डबरोबर मिक्स करता यावं. क्लबमध्ये ते बरोबर आहे, घरी बसलेल्या माणसाने ते ड्रम का ऐकायचे? आणि यातला वुई मॅग्निफाय हिज नेम तर २०११लाच आलेला. सिंगल आणि ईपी (तीन-चार ट्रॅकची छोटी रेकॉर्ड) एकामागे एक लावले की अल्बम झाला असं मी मानत नाही. मिनिमल नेशनमध्ये पण तेच तेच होतं, पण तिथे एक आवाज जरासा सरकला तरी कान टवकारायचे, कारण आजूबाजूला काहीच नव्हतं. इथे भावना सगळी अरेथाची आहे. तिचा आवाज काढून घ्या आणि मग सांगा हूडने काय केलं.

खाडीपलीकडे (रत्नागिरी)
अरेथाचा आवाज काढून घ्या म्हणजे बुवाचा अभंग काढून घ्या आणि मग भजन कसं वाटतं सांगा असं झालं ना भावा. आणि अरेथा परकी नाहीच त्याला. तिचे वडील सी. एल. फ्रँकलिन डेट्रॉइटच्या न्यू बेथेल बॅप्टिस्ट चर्चचे पास्टर (धर्मगुरू), ती तिथेच गात मोठी झाली. हूड त्याच शहराचा आणि आता स्वतः धर्मोपदेशक. म्हणजे कुठलंतरी गाजलेलं गाणं उचलून बीट टाकला असं नाही हे, स्वतःच्या गावचा वारसा आहे. गणपतीत जी रिमिक्स वाजतात, अभंगाखाली कसलाही बीट घुसडलेला, त्यांच्याशी याची तुलना होऊच शकत नाही. त्याने कुठले शब्द ठेवले, श्वास कुठे तोडला, किक किती उशिरा आत आणली, हे सगळं कामच आहे की.

बेस_टॉप_देवगड
माझा साउंडचा धंदा आहे, लग्न, भजनं, गणपती, सगळं करतो, त्यामुळे ऐकायच्या बाजूने बोलतो. घरी बोअर होतो म्हणणाऱ्यांनी आधी सांगा कशावर ऐकलात. टेक्नोच्या किकचा जीव पन्नास-साठ हर्ट्झच्या आसपास असतो आणि मोबाईलचा स्पीकर तिथपर्यंत उतरतच नाही, नुसती टकटक ऐकू येते, मग वाटणारच यात काही नाही. मी मंडपात सेटअप झाल्यावर दुपारी सिस्टीम तपासायला हेच लावतो. कारण मिक्स एकदम मोकळा आहे, किक आणि बेस एकमेकांच्या अंगावर येत नाहीत, आवाजाला मध्ये जागा ठेवलीय, हायहॅट कानाला टोचत नाही. हल्ली येणारी बरीच डीजे गाणी इतकी दाबून भरलेली असतात की आवाज वाढवला की सगळा चिखल आणि वर पत्रा थरथरतो तो वेगळाच. चिपळूणवाले म्हणतात हूडने काय केलं, तर हे केलं. पण अल्बम म्हणून? तिथे मी पण चिपळूणच्याच बाजूने. सलग कधी नाही ऐकला, ऐकावासा वाटला पण नाही. तीन-चार ट्रॅक पुरतात.

वायंगणी_मालवण
टेक्नोचा माका फारसा कळणा नाय पण भजनाची बरोबरी करू नकात. बुवा गाता तेव्हा समोर माणसा बसलेली असतत, समोरचो दुसरो बुवा असता, त्येका उत्तर देवचा असता. लोक रंगले तर गजर वाढवता, नाय रंगले तर आवरता घेता. रेकॉर्ड कोणाकडे बघून वाढवतली?

खाडीपलीकडे (रत्नागिरी)
दादा रेकॉर्ड नाही वाढवत, डीजे वाढवतो. समोरचे लोक बघून तोच तुकडा लांबवायचा की पुढची रेकॉर्ड आणायची हे तो ठरवतो.

किकड्रम_चिपळूण
हेच तर मी वर म्हटलं! मग ते डीजेचं सामानच झालं ना. पूर्ण व्हायला डीजे लागतो, लोक लागतात, मोठी सिस्टीम लागते. पुढे हे तिन्ही नसताना मी इअरफोन लावून ऐकायचं आणि श्रेष्ठ अल्बम म्हणायचं, का?

मारिया_वेंगुर्ला
मी चर्चच्या कॉयरमध्ये गाते म्हणून मला वेगळं बोलायचंय. आमचं कॅथलिक गाणं आणि त्यांचं बॅप्टिस्ट गॉस्पेल यात खूप फरक आहे, आमच्याकडे मिस्साला (चर्चमधल्या प्रार्थनेला) कोणी उठून नाचत नाही, तिकडच्या काळ्या लोकांच्या चर्चमध्ये टाळ्या, अंग हलवणं, मध्येच ओरडून साथ देणं हा प्रार्थनेचाच भाग आहे. त्यामुळे देवाचं गाणं क्लबात कशाला नेलं असं कोणी म्हणालं तर मला ते पटत नाही, नाच त्या गाण्यात आधीपासून आहे. ओळखीतल्या एक-दोन जणांना आवडलं नव्हतं, दारू पिऊन नाचणाऱ्यांपुढे देवाचं नाव कशाला म्हणून. पण वुई मॅग्निफाय हिज नेम असं उघड नाव देऊन तो ते त्याच लोकांपुढे वाजवतो, लपवत नाही, याला धाडस लागतं आणि मला त्या माणसाबद्दल मनापासून आदर वाटतो.

अल्बमबद्दल म्हणाल तर मी घरी एकटीच ऐकते आणि मला डीजे लागत नाही. फक्त ज्या ट्रॅकमध्ये आवाज नाही तिथे माझं लक्ष जातं इकडेतिकडे. त्यातला बेबी बेबी हा ट्रॅक पण मला फार लांबला असंच वाटतं, दोन शब्दांत तेवढा जीव नाहीये जेवढा अरेथाच्या दोन शब्दांत आहे. म्हणजे फिरवत राहायचं तर मुळात जे फिरवताय ते तेवढं भारी पाहिजे.

बेस_टॉप_देवगड
हे मारियाताईंचं एकदम पटलं.

किकड्रम_चिपळूण
मला पण, आणि पुढचं त्यातूनच येतं. मुलगी लिरिकबरोबरचे पुढचे अल्बम, २०१६चा व्हिक्टोरियस घ्या किंवा २०१९चा सुपरनॅचरल घ्या, साचा ठरून गेलाय, आवाजाचा तुकडा, फिल्टर (आवाज आधी दाबून ठेवणारा) हळूहळू उघडायचा, हायहॅट, टाळ्या. नेव्हर ग्रो ओल्डएवढा आवाज परत हाती लागला नाही म्हणून ते फिके वाटतात. मिनिमल नेशनला असा आवाज लागलाच नव्हता. ती रेकॉर्ड स्वतःच्या पायावर उभी आहे आणि हूडचं मोठेपण मी तिथेच धरतो.

खाडीपलीकडे (रत्नागिरी)
तू थंडपणाला मोठेपण म्हणतोयस. मिनिमल नेशन मी पण मानतो, पण ते ऐकून मला कधी उठावंसं वाटलं नाही. पन्नाशीला टेकलेला माणूस, एवढं नाव झालेलं, तो तेच परत काढून सुखात बसू शकला असता. त्याऐवजी त्याने लोकांना हात वर करायला लावणारं, आनंदाचं संगीत केलं आणि त्यात कारागिरी कुठे कमी पडू दिली नाही. बेबी बेबी लांबला, मान्य करायला मी तयार नाही, तो पण सिस्टीमवर ऐका एकदा. देवगडवाले दादा, पुढचं सेटअप कुठे आहे तुमचं? रात्री दहाच्या आधी वाजवणार असाल तर मी येतो, चिपळूणला पण घेऊन या कोणीतरी.

बेस_टॉप_देवगड
कुणकेश्वरच्या बाजूला लग्न आहे, दुपारी तीनपर्यंत सगळं जोडून होतं, त्यानंतर या. पण नवऱ्याकडचे आले की बंद करणार.