ऑफिसनंतर व्यायाम: वेळ नाही की इच्छा नाही?

डोंबिवली_फास्ट: "संध्याकाळी व्यायामाला वेळ नाही म्हणणारे खोटं बोलतात, रील बघायला बरा मिळतो," हे टेकडीवाल्यांचं वाक्य वाचून डोकं फिरलं म्हणून सविस्तर लिहितोय. सहाला फोर्टातून सुटायचं, कर्जत फास्ट पकडली तरी डोंबिवलीपर्यंत तासाच्या वर, नशीब असेल तर चौथी सीट म्हणजे अर्धं बूड हवेत, उतरल्यावर ब्रिजवरची गर्दी आणि मग रिक्षाची लाईन. रील मी गाडीतच बघतो, एका हाताने वरची कडी धरून. तो वेळ व्यायामाचा कसा काय होतो ते सांगा. आठला घरात शिरणाऱ्याला आळशी म्हणायला लाज वाटायला हवी.

टेकडीवाला: हिंजवडीचं ट्रॅफिक काय कमी आहे का? तरी पर्वती चढतो, 103 पायऱ्या. बूट बॅगेतच असतात, ऑफिसमधून परस्पर जातो. घरी जाऊन एकदा सोफ्यावर टेकलं की खेळ खल्लास, सगळ्यांचं तेच होतं. मूड यायची वाट बघत बसलात तर जन्मात होणार नाही.

पोळपाट: परस्पर जातो म्हणे! आणि त्या वेळात घरी कणीक कोण मळतं? मी पण नोकरी करते, मी परस्पर टेकडीवर गेले तर पोरं काय खाणार? 2024 मध्ये लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये आलं होतं, भारतात पुरेशी हालचाल नसलेल्या बायका 57 टक्के आणि पुरुष 42. हा फरक काय इच्छाशक्तीचा आहे?

टेकडीवाला: विषय व्यायामाचा चाललाय, तुम्ही स्वयंपाकघरात कुठे नेताय? आमच्या घरात कोणाची तक्रार नाही.

पोळपाट: कधी विचारलंत?

तांबडी_माती: आमच्या कोल्हापुरात तालमीत पहाटे जोर-बैठका मारून मग कामाला जायचे लोक. संध्याकाळचा हट्टच सोडा.

पोळपाट: पहाटे डबे असतात दादा. तेही बाईच करते.

रात्रपाळी: ताईंचं शंभर टक्के खरं. आणि टेकडीचं कौतुक करताना तिथल्या अंधाराबद्दल पण बोला. सातनंतर एकट्या बाईने जायचं कसं? मी अर्ध्यातून परत आले, मागे दोघं चालत होते, मी थांबले की तेही थांबायचे. त्यानंतर सोसायटीच्या पार्किंगमध्येच फेऱ्या मारते.

टेकडीवाला: हे मात्र वाईट आहे. दिवे लावायलाच पाहिजेत. पण म्हणून सगळ्यांनी बसून राहायचं असं नाही ना.

गुडघेदुखी: मी फिजिओ आहे. आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम असं डब्ल्यूएचओ सांगते, पण सलग दहा मिनिटं तरी झालीच पाहिजेत ही जुनी अट 2020 ला काढून टाकली. जिना, स्टेशनपर्यंत भरभर चालणं, सगळं धरतात. माझे निम्मे पेशंट "तासभर जमलं तरच करायचं" म्हणतात आणि शेवटी काहीच करत नाहीत.

डोंबिवली_फास्ट: हे पटलं. रिक्षा सोडून चालत जाईन, तेवढं होईल. टेकडीवाल्यांनी असं काही सांगितलं असतं तर ऐकलं असतं, शिव्या कशाला?

टेकडीवाला: शिव्या दिल्या नाहीत. जास्त बोललो असेन. आणि ताई, विचारलं घरी. मंगळवार-गुरुवार तिला झुंबाला जायचंय म्हणे, ते दोन दिवस पर्वती बंद, पोळ्या माझ्याकडे.

पोळपाट: भाजीसकट का नुसत्या पोळ्या?